डोकं घरी, हात जाळ्यात



जाळं टाकायला उशीर झाला, गाठ सैल राहिली, मासळी उन्हात पडून राहिली, की आपण लगेच म्हणतो, "याचं कामात लक्षच नाही." पण लक्ष का नाही, हे कोणी विचारत नाही. आमचं म्हणणं, हेच आधी विचारायला पाहिजे.

आपल्याला ताण दोन्हीकडून येतो. पैनगंगेला पूर आला, सातनाला-मत्तडीवागूचे दरवाजे उघडले, की जाळी वाहून जायची भीती. सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज टिकेल का, ही काळजी. मासळी नासू नये म्हणून व्यापारी सांगेल तो भाव. घरी सावकाराचं व्याज, पोरीची फी, म्हाताऱ्यांचं दुखणं. हे ओझं काठावर ठेवून डोंग्यात बसता येत नाही.

रात्रभर डोळा लागला नाही की हात मंदावतात, पाण्याचा अंदाज चुकतो. दुकानात चूक झाली तर हिशेब बिघडतो, पाण्यात झाली तर जीव जातो. त्यात कोणी ताण उतरवायला दारू पिऊन डोंग्यात बसला, तर विचारूच नका.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूला ५ लाखांचा विमा आहे. नाव नोंदवून घ्याच. पण तो पैसा माणूस गेल्यावर येतो. माणूस जाऊच नये म्हणून आपण काय करतो?

आम्ही तीन गोष्टी सुचवतो. रात्री कोणी एकट्याने पाण्यात जाऊ नये. ज्याची झोप झाली नाही, घरात दुखणं आहे, त्याला त्या दिवशी काठावरचं काम द्यावं: जाळी शिवणं, मासळी निवडणं, वजन करणं. त्याचा वाटा कापू नये. आणि आजारपणात संस्थेने बिनव्याजी उचल द्यावी.

काही डोंगामालक म्हणतील, मग सगळेच बहाणे सांगतील. सांगतील एखाद-दोघं. पण एका गावात राहून खरं-खोटं कळत नाही होय? एका दिवसाचा वाटा हा फाटलेल्या जाळ्यापेक्षा स्वस्त, आणि माणसाची तर किंमतच नाही.

मन फार जड झालं तर टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोला की तेलुगूत.

येत्या बैठकीत हे तीन मुद्दे मांडतोय. डोंगामालकांनी जरूर यावं, घरच्या बायांनाही आणावं. घरातला ताण त्यांनाच आधी कळतो.