दोन गाड्यांमधले बुऱ्हाणपूर

भुसावळहून उत्तरेकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, केळीच्या बागांमधून धावत राहते, रावेर मागे पडते आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर बुऱ्हाणपूरची पाटी सरकून जाते. दिल्ली, काशी, जबलपूर या दिशांना जाणाऱ्या मराठी माणसाने ही पाटी आयुष्यात दहा-वीस वेळा तरी पाहिलेली असते. तिथे उतरलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. मीही पुष्कळ वर्षे असाच पुढे गेलो. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी खांडव्याला संध्याकाळपर्यंत पोचायचे होते. सकाळच्या गाडीने बुऱ्हाणपूरला उतरलो तर पुढची सोयीची गाडी दुपारी दीडला होती. हाती साडेपाच तास होते. तेवढ्या तासांनी मनात जो विचार सुरू झाला, तो इथे मांडतो.

प्रथम या उसन्या तासांविषयी. गंतव्य म्हणून एखाद्या शहरी जाणे आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तिथे असणे यांत मोठा फरक आहे. मुद्दाम गेलेला माणूस खर्च वसूल करायला निघालेला असतो. त्याने आधी छायाचित्रे पाहिलेली असतात, मग तो प्रत्यक्ष वास्तू पाहतो आणि दोन्हींचा मेळ बसला म्हणजे समाधान पावतो. मधल्या वेळातल्या माणसाला असला हिशेब नसतो. मराठीतील एक श्रेष्ठ प्रवासवर्णन गोडसे भटजींनी लिहिले आणि तेही घराबाहेर पडले होते ते देश पाहायला नव्हे, दक्षिणेच्या आशेने, हे मला नेहमी बोलके वाटत आले आहे. अर्थात उसन्या वेळाचाही एक मोह असतो. स्टेशन शहरापासून तीनेक किलोमीटरवर, लालबागेत आहे. बाहेर पडताच रिक्षावाल्याने पाठ असलेली यादी म्हणून दाखवली : शाही किल्ला, हमाम, कुंडी भंडारा, आहूखाना, राजा की छत्री, दर्गा-ए-हकीमी आणि वेळ उरला तर असीरगड. पाच तासांत सगळे दाखवून गाडीवर आणून सोडतो, म्हणाला. सोडलेही असते. मी त्याला जामा मशिदीपाशी सोडायला सांगितले आणि माझ्याकडून त्या दिवशीची त्याची मोठी निराशा झाली.

हा कंजूषपणा नव्हता. थोडा वेळ असला की कमीच पाहावे, असे माझे मत आहे. साडेपाच तासांत सात ठिकाणी गेलेला माणूस सात ठिकाणी फक्त रिक्षातून उतरलेला असतो.

मशीद भर बाजारात, गांधी चौकात आहे. काळ्या दगडाची, पंधरा कमानींची, दोन्ही अंगांना उंच मिनार आणि वर घुमट नाही. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजे इतिहासात राजा अली खान म्हणून ओळखला जाणारा खानदेशचा राजा, याने ती बांधली. खानदेशचा राजा हे शब्द मुद्दाम वापरले. आज आपण खानदेश म्हटले की जळगाव-धुळ्यापाशी थांबतो. त्या राज्याची राजधानी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर नव्या मध्य प्रदेशात राहिली आणि आपल्या मनातल्या नकाशावरूनही गेली. वस्तुतः या शहराचे नावच दख्खनेतून गेलेले आहे. खुलताबादेस ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून फारुकींनी ते ठेवले, आणि तापीच्या पैलतीरावरच्या वस्तीला त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या झैनुद्दीन शिराझींचे नाव दिले : झैनाबाद. खुलताबादेत शेजारी विसावलेले हे दोन संत इथे नदीच्या दोन तीरांवर आहेत.

मशिदीत मला पाहायचा होता तो एक शिलालेख. आत अरबी लेख आहे, तो असणारच. त्याच्या जोडीला संस्कृत लेखही आहे, देवनागरीत. त्यात आधी सृष्टिकर्त्या अव्यक्ताला वंदन आहे, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि मग काळ : विक्रम संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी, शिवाय पंचांगातला इतर तपशील. इंग्रजी सन १५९०. एखाद्या जोश्याने मुहूर्त काढावा तसा हा मजकूर एका मशिदीच्या भिंतीवर उभा आहे. मी बराच वेळ तिथे होतो. एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले, मी बोट ठेवून अक्षरे लावतो आहे हे पाहून म्हणाले, ‘‘पढ़ लेते हैं आप? हमें तो नहीं आती, पर है हमारी ही।’’ त्या ‘हमारी ही’मधले सर्वनाम मशिदीसाठी होते की भाषेसाठी, हे मी विचारले नाही.

या लेखाचा उल्लेख सलोख्याचा पुरावा म्हणून करण्याची एक पद्धत आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. राजाने हे सद्भावनेपोटी केले की राज्यकारभाराच्या शहाणपणापोटी, हे दगड सांगत नाही. मात्र एवढे खरे, की त्या वर्षी पैठणास एकनाथ हयात होते, ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे त्यांचेच भारूड आहे, आणि त्या संवादाची भाषा कशी होती हे समजून घ्यायला पैठणच्या उत्तरेस तापीकाठी एक जागा आहे, हे मला मराठीच्या एवढ्या वर्षांच्या वाचनात कोणी सांगितले नव्हते.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत बुऱ्हाणपूर येते ते दोनच क्रियापदांबरोबर. तिथे कोणी तरी मरते, किंवा ते लुटले जाते.

मरणाऱ्यांची यादी लांब आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकींचे राज्य संपवले आणि हे शहर मुघलांच्या दख्खन मोहिमांचा तळ झाले. मग शाहजादा दानियाल १६०५ साली इथे गेला, खुसरो १६२२ मध्ये, परवेझ १६२६ मध्ये. (याच परवेझच्या दरबारात १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील टॉमस रो आला होता, नजराण्यातल्या मद्यामुळे शाहजाद्याची पुढची भेट होऊ शकली नाही, ही त्या भेटीची फलश्रुती.) १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि त्याच वर्षअखेरीस देह आग्र्याला नेला. ताजमहाल इथेच व्हायचा होता, असे बुऱ्हाणपुरात प्रत्येक जण सांगतो. त्यात मी पडत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की ते वर्ष महादुष्काळाचे होते. गुजरात, खानदेश, दख्खन सारे त्यात होरपळले. देहूत तुकोबांची पहिली पत्नी त्याच सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली, असे परंपरा सांगते. दोन बायका, एकच आपत्काल. एकीसाठी संगमरवर आला. आपण मात्र या दोन मृत्यूंना दोन वेगळ्या विषयांत घातले : एक पर्यटनात, दुसरा संतवाङ्मयात.

पुढे १६६७ मध्ये मिर्झाराजे जयसिंग इथेच निवर्तले. पुरंदरच्या तहाला दोन वर्षे होऊन गेली होती आणि आग्र्याहून महाराज निसटल्यामुळे बादशाहाची मर्जी उतरली होती. १७४८ मध्ये पहिला निजामही याच शहरात वारला आणि त्याचा देह खुलताबादला नेऊन बुऱ्हाणुद्दीन गरिबांच्या दर्ग्यात पुरला. शहराला नाव देणाऱ्याच्या पायाशी शहरातला मुक्कामी परतला, असे म्हणता येईल.

आता दुसरे क्रियापद. छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१ च्या जानेवारीत झाला आणि जेमतेम पंधरवड्यात, महिनाअखेरीस, हंबीररावांच्या फौजा बुऱ्हाणपुरावर येऊन थडकल्या. मुख्य शहर हाती लागले नाही. बाहेरची पुरे, त्यांत सर्वांत धनाढ्य बहादूरपुरा, तीन दिवस लुटली गेली. शाळेत हा प्रसंग शिकताना आमचे मास्तर थांबत, वर्गाकडे पाहत, आणि आम्ही पोरे टाळ्या वाजवीत असू. युद्धशास्त्राच्या दृष्टीने त्या मोहिमेत न समजण्यासारखे काही नाही. मुघल सत्ता दख्खनेत पैशावर उभी होती आणि तो पैसा सुरत-बुऱ्हाणपूर-आग्रा या वाटेने वाहत होता. लहान राज्याने मोठ्या राज्याच्या पिशवीला हात घालावा यात लज्जास्पद काय? हे मी आजही मानतो. पण किल्ल्याकडे जाताना मी ज्या गल्ल्यांतून चाललो होतो तिथे दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता. सतराव्या शतकातही हे विणकरांचेच शहर होते. जरीचे आणि कापडाचे व्यापारी, सराफ, हुंड्या वटवणारे सावकार हेच ‘लूट’ या नामाच्या पोटात असलेले लोक. त्यांतले पुष्कळ हिंदू आणि जैन असणार, हे कोणी सांगायला नको. त्या खडखडाटात माझ्या टाळ्यांचा आवाज मला प्रथमच बाहेरून ऐकू आला. पश्चात्ताप झाला असे नाही. पण ऐकू आला.

याचा पुढचा भाग आपल्या पुस्तकांत कमी येतो. खाफीखानाने लिहून ठेवले आहे, की शहरातल्या उलेमांनी आणि प्रतिष्ठितांनी बादशाहाला अर्ज केला : प्रजेच्या जिवाची आणि अब्रूची हमी नसेल तर जुम्म्याची नमाज बंद ठेवावी लागेल. दख्खनेत उतरण्याची औरंगजेबाकडे इतरही कारणे होती. मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. तरी तो त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, तो प्रथम याच शहरात, आणि पुढची पंचवीस वर्षे परतला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला मेला आणि खुलताबादेत झैनुद्दीन शिराझींच्या शेजारी पुरला गेला. पैलतीराच्या वस्तीला ज्याचे नाव आहे तोच हा संत. या कबरीवरून २०२५ च्या मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच.

त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ आणखी एक गोष्ट घडली. ‘छावा’ चित्रपटाचा आरंभच बुऱ्हाणपुरावरच्या हल्ल्याने होतो. तो पाहून म्हणा, त्याच्या बोलबाल्याने म्हणा, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या घेऊन मुघलांचे सोने शोधण्यासाठी खणू लागले. वर्तमानपत्रांनी हा प्रकार गंमत म्हणून छापला. मला त्यात गमतीपेक्षा न्याय दिसला. आपण ज्या लुटीचा अभिमान मिरवतो तिचा पत्ता त्या गावच्या गरिबांना आपल्याचकडून कळला. मग ते आपला वाटा मागायला निघाले, तर हसायचे कोणाला?

किल्ल्यात फार रमलो नाही. हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी सुंदर आहे, बाकी बरेच ढासळले आहे. पण मागच्या सज्जासारख्या भागातून तापी दिसते, आणि पलीकडे झैनाबाद. हिवाळ्यातली नदी, दगडांमधून वाट काढणारी. तिथे मी अर्धा तास काही न करता बसलो. पर्यटकाला हा अर्धा तास परवडत नाही; मला परवडला, कारण मी पर्यटक नव्हतो, गाडीची वाट पाहणारा होतो. त्या सज्जात ज्यांनी दिवस काढले त्या सगळ्यांचेही तेच चालले असावे : दक्षिणेकडून बातमी येईल, उत्तरेकडून हुकूम येईल, तोवर थांबा.

शहराची स्वतःची गोष्ट या वाट पाहणाऱ्यांच्या गोष्टीत झाकली जाते, ही माझी तक्रार आहे, आणि ती मला स्वतःविरुद्धही करावी लागते. १७३१ साली निजामाने शहराला नऊ वेशींचा विटांचा कोट घातला. जुन्या गॅझेटियरप्रमाणे मुघल काळात सुमारे पाच चौरस मैलांवर पसरलेल्या या शहरापैकी कोटात आला तो जेमतेम सव्वा चौरस मैल. उरलेल्याचे काय झाले, हे लुटीच्या कोणत्याही वर्णनात नसते. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हेच शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. म्हणजे ज्याला लुटले ते आपलेच झाले. तेव्हा आपण त्याचे काय केले, यावर मराठीत एखादे चांगले पुस्तक असायला हवे. बाजीराव-मस्तानीवर आपण कादंबऱ्या लिहिल्या. बुऱ्हाणपूरच्या एखाद्या कमाविसदारावर कोणी तरी लिहावी.

परतताना बाजारात एका दुकानासमोर थांबलो. उलट्या कढईवर रुमालाएवढा पातळ मांडा टाकला जात होता. खानदेशातल्या खापरावरच्या मांड्यांचा हा भाऊबंद, पुरणाविना. नावही तेच. दोन खाल्ले, आणि माव्याची जिलबी बांधून घेतली. ही जिलबी रमझानात मुंबईच्या महंमद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्या नावाने विकली जाते आणि ती खाणाऱ्या पुष्कळांना हे गावाचे नाव आहे हे ठाऊक नसते.

शनवारा वेशीपाशी तोच रिक्षावाला भेटला. स्टेशनपर्यंत त्याने मान वळवून चौकशी केली : कुंडी भंडारा? नाही. आहूखाना? नाही, लांबून. छत्री? नाही. चारशे वर्षांपूर्वीचे जमिनीखालचे पाणी अजून वाहते आहे आणि तुम्ही ते न पाहता निघालात, म्हणून तो खरोखर हळहळला. मग पैसे घेताना म्हणाला, ‘‘तो फिर उतरे किसलिए थे?’’

गाडी वीस मिनिटे उशिरा आली.