पाटा वाढवण्याआधी मीटरपट्टी काढा



आज पिकाबद्दल नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय.

राजोडी, वाघोली, निर्मळ, नाळे या आपल्या पट्ट्यात वाडीवाल्याकडे पिकअप असली तर ती बहुतेक जुनीच. तक्रारीही ठरलेल्या. गाडी एका अंगाला झुकते. रिकामी असली की दणके मारते. मागून बघितलं तर केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे. आणि या सगळ्यावर एकच औषध सांगितलं जातं, "एक पाटा वाढवून टाक."

माझं मत असं की हे रोग न बघता दिलेलं औषध आहे. पान पिवळं पडलं म्हणून कोणी जाणता शेतकरी लगेच युरिया ओतत नाही. आधी मूळ बघतो, निचरा बघतो, पिवळेपणा जुन्या पानावर आहे की कोवळ्या, ते बघतो. मग गाडीच्या बाबतीतच आपण एवढे घाईचे का?

आधी पाटा वाढवल्यावर काय होतं ते समजून घेऊ. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांचे सात केले तर ढोबळ हिशेबाने कमान चाळीस टक्के कडक होते. जाडीचा हिशेब तर आणखी कडक. आठ एमएमच्या जागी दहा एमएमचा पाटा बसवला तर तो एकटा पाटा जवळपास दुप्पट कडक, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे पाट्याने घ्यायचा हादरा आता चासी घेते, हौदा घेतो आणि हौद्यातला माल घेतो.

माल काय असतो आपला? सोनचाफ्याच्या कळ्या, पालेभाजी, वांगी, केळीचे घड. नालासोपाऱ्यातून हायवे, वरसावे पूल, दहिसर, मग दादर. गाडीत सर्वात जास्त हादरा मागच्या टोकाला आणि वरच्या थराला बसतो. तिथलाच माल काळा पडतो आणि व्यापारी नेमका तोच क्रेट आधी उघडतो. काढणीनंतरच्या नुकसानीवर बोलताना आपण क्रेट, कागद, थंड खोली यावर बोलतो. गाडीच्या कमानीवर क्वचितच. कृषी सल्लागार मित्रांनाही हेच सांगणं आहे, मार खाल्लेला माल दिसला की क्रेटबरोबर गाडीखालीही एकदा वाका.

आता तपासणी. खर्च जवळपास शून्य. मीटरपट्टी, ओळंबा, जॅक, खडू.

गाडी रिकामी करा. चारही टायरची हवा नीट भरा, कारण एका टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी झुकते. टायर एकाच मापाचे आहेत ना तेही बघा. मग सपाट कोब्यावर उभी करा. कोबा सपाट आहे का, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासता येतं. नाहीतर गाडी उलट्या तोंडाने उभी करून पुन्हा मोजा. झुकाव गाडीबरोबर फिरला तर दोष गाडीचा, जागेवर राहिला तर कोब्याचा.

प्रत्येक कोपऱ्यावर दोन मापं घ्या. पहिलं, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत. दुसरं, एक्सलपासून चासीपर्यंत. दोन्ही मापं वहीत लिहा. आठ आकडे होतील, रोगाचं निदान त्यांच्यातच असतं.

एक्सल ते चासी अंतर दोन्ही बाजूला सारखं, पण मडगार्डचं माप वेगळं, तर पाट्यांचा काही दोष नाही. केबिनखालचे किंवा हौद्याखालचे रबर दबलेत, नाहीतर त्यांचा बोल्ट गंजून तुटलाय. इथे पाटा वाढवणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी.

एक्सल ते चासी अंतरच वेगळं, मग कमानीकडे वळा. पण मागची की पुढची? मागची चासी बरोबर मध्यावर जॅक लावून थोडी उचला, म्हणजे मागचे पाटे हलके होतील. चासीखाली ठोकळे ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मागचा भार सुटल्यावर पुढचा भाग सरळ झाला तर दोष मागे. तरीही झुकलेला राहिला तर दोष पुढे. एक कोपरा बसला की समोरचा तिरका कोपरा उचलला जातो, त्यामुळे नुसत्या डोळ्याने बघणारा हमखास फसतो.

जुन्या गाडीत एखाद सेंटीमीटरचा फरक मी सोडून देईन. दोन-तीन सेंटीमीटर असेल तर पाटे उघडून बघायला हवेत. मधला एखादा पाटा तुटून दोन पाट्यांमध्ये दडलेला असतो, वरून दिसत नाही. शॅकलचे बुश संपलेले असतात. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. ते तपासायला पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यावर ओळंबा सोडून खाली खडूने खूण करा. चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक ठळक असेल तर आधी एक्सल जागेवर आणा, झुकावाचं मग बघू.

गाडी सरळ आहे, पण दणके मारते? मग शॉकअप बघा. अंगावर तेल ओघळलेलं असेल तर तो गेला. खराब रस्त्यावर थोडं चालवून हात लावून बघा, सायलेन्सरपासून जपून. काम करणारा शॉकअप कोमट लागतो, मेलेला थंड राहतो. शिवाय आपल्याकडे खाऱ्या हवेने पाटे एकमेकांना गंजून चिकटतात. पाच पाटे एका जाड पट्टीसारखे वागतात. ते सोडवून, घासून, ग्रेफाइट ग्रीस लावून बसवले की तीच गाडी मऊ चालते.

गंजाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या किनाऱ्यावर खरा धोका तोच आहे. समुद्राची हवा तर आहेच, पण आपण हौद्यातून खताच्या गोण्याही नेतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, आणि लोखंडाला क्लोराइड म्हणजे मिठासारखंच. फाटक्या गोणीतलं खत फटीतून चासीवर पडतं, पावसात ओलं होतं आणि आतून खातं. पाट्याचा हँगर जिथे चासीला जोडलेला असतो, तिथे हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर गाडी झुकण्याचं कारण पाटा नसून खाली बसत चाललेली चासी आहे. अशा चासीवर कडक पाटा बसवला तर प्रत्येक खड्ड्याचा घाव त्याच कुजक्या जागेवर पडणार. भरल्या गाडीने हायवेवर हँगर सुटला तर नुकसान फक्त मालाचं होत नाही.

यावर पाटेवाले मिस्त्री म्हणतील, "शेतकरी दीड टन भरतो, मग आम्ही काय करणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक, एक्सल, टायर यांची ताकद वाढत नाही. कागदावरचं वजनही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एवढ्यात दुसऱ्या फेरीचं डिझेल कितीतरी वेळा निघेल.

पाटे बदलायचेच ठरले तर दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. जुना पाटा तापवून कमान मारून घेताना नीट पाणी दिलं गेलं नाही तर तो लवकरच परत बसतो. यू बोल्ट नवे घ्या आणि भरल्या गाडीच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटतं. खत वाहिल्यावर हौदा आणि चासी गोड्या पाण्याने धुवा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तसंही दर वर्षी फिटनेसला जावं लागतं. त्याआधी एक सकाळ काढून हे आठ आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणता कोपरा किती बसला ते लगेच कळेल. आणि मिस्त्रीकडे जाताना "गाडी झुकते" एवढंच सांगू नका. "मागे डावीकडे अडीच सेंटीमीटर कमी आहे, रबर ठीक आहेत" असं सांगा. मग तोही पाटा वाढवायच्या आधी खाली वाकून बघेल.