ओपन सीट की कॅबिन? को-वर्किंगचे पैसे भरण्याआधी फोनवरच करा या तीन टेस्ट

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. पहिलीच नोकरी, तीही रिमोट. काही महिने नाकाडोंगरीत घरूनच काम केलं, आता नागपुरात खोली घेतली आहे. खोलीत बसवत नाही म्हणून को-वर्किंग बघायला गेला होता.

"दादा, तो माणूस म्हणते, ओपन सीट घेऊ नको, कॅबिन घे. प्रायव्हसी भेटते. घेऊ का?"

मी विचारलं, "प्रायव्हसी कशापासून पाहिजे तुले?"

तो गप्प. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलाही याचं उत्तर देता आलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी बघू, कॅबिनचा आग्रह का होतो

२००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने को-वर्किंगची सुरुवात केली, तेव्हा कल्पना साधी होती. एकेकटे काम करणारे लोक एका जागेत, एकमेकांच्या सोबतीने काम करतील. म्हणजे मूळ को-वर्किंग ओपनच होतं.

आज हा मोठा धंदा झालाय. भारतात ऑफिस मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली (म्हणजे 'ऑफिस' नावाची कंपनी, स्पेलिंग वेगळं आहे). त्यानंतर जुलै २०२५ मध्ये स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वीवर्क इंडिया. या धंद्याचं गणित असं: जागा मालकाकडून अनेक वर्षांच्या कराराने घ्यायची आणि आपल्यासारख्यांना महिन्याच्या हिशोबाने द्यायची. अमेरिकेतली मूळ वीवर्क याच गणितात अडकली. २०१९ मध्ये तिची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली जात होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक सीट सोडून जाऊ शकतात, भाडं मात्र थांबत नाही.

आता जागा चालवणाऱ्याच्या बाजूने विचार करा. ओपन सीटवाला पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री नाही. कॅबिनवाला डिपॉझिट देतो आणि बहुतेक वेळा लॉक-इनवर सहीही करतो. त्यामुळे कॅबिन विकण्यात त्याचा फायदा आहे. यात फसवणूक काही नाही, पण त्याचा फायदा म्हणजे आपली गरज नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं.

प्रायव्हसी म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

१. इतरांचा आवाज आपल्या कानात येणं. नाकाडोंगरीच्या शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. त्या भागात वाढलेल्या आम्हा लोकांना आवाजाचं काही वाटत नाही. पण मशीनची घरघर थोड्या वेळाने डोक्यातून निघून जाते, शेजारच्या माणसाचं वाक्य जात नाही. त्यात शब्द असतात आणि मेंदू नको म्हटलं तरी त्यांचा अर्थ लावत बसतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनसुद्धा पंखा, एसी यांसारखा एकसुरी आवाज चांगला दाबतात, बोलणं त्या मानाने कमी.

२. आपला आवाज इतरांच्या कानात जाणं. इथे माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी नागपुरातल्या एका ओपन हॉलमध्ये बसायचो. क्लायंटच्या पेमेंट सिस्टीममध्ये एक बग होता, त्यावर रोज कॉल. एक दिवस चहाच्या वेळी शेजारच्या सीटवरचा मुलगा सहज म्हणाला, "सापडला का तो डबल पेमेंटवाला बग?" मी त्याच्याशी त्याआधी एक शब्दही बोललो नव्हतो. माझ्या कानाला महागडे हेडफोन होते, त्यामुळे मला वाटत होतं की मी एकटाच आहे. हेडफोन आपले कान झाकतात, तोंड नाही. त्या कॉलवर मी एका ग्राहकाचा मोबाइल नंबरही मोठ्याने वाचून दाखवला होता, हे नंतर आठवलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. गोपनीयतेच्या करारावर माझी सही होती.

ही भीती आता आणखी खरी होणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. डेटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड कंपनीला, पण मग कंपनी तुम्हाला विचारणारच, "तुम्ही कुठे बसून काम करता?"

३. नेटवर्क. कॅबिनला दार असतं, वायफायला नसतं. अनेक ठिकाणी कॅबिन आणि ओपन हॉल एकाच वायफायवर, एकाच पासवर्डवर चालतात. बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएस वापरतात, त्यामुळे तुमचा मजकूर सहज वाचता येत नाही. पण लॅपटॉपवर शेअर केलेलं फोल्डर त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या माणसाला दिसू शकतं. जादा भाड्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

फोन काढा आणि तपासा

*आवाजाची टेस्ट:* कॅबिनमध्ये एका फोनवर मराठी बातम्या नेहमीच्या बोलण्याएवढ्या आवाजात लावा. दार बंद करा. बाहेरच्या सीटवर बसून दुसऱ्या फोनच्या रेकॉर्डरवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऐका. नुसती कुजबुज आली तर ठीक. शब्द कळले तर ती कॅबिन म्हणजे काचेचा पडदा आहे. वरही बघा: पार्टिशन वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत गेलंय की फॉल्स सीलिंगपाशीच थांबलंय? थांबलं असेल तर आवाज त्या पोकळीतून पलीकडे उतरतो.

*नेटची टेस्ट:* सकाळी अकराच्या सुमारास, सगळे कॉलवर असताना, स्पीड टेस्ट करा. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा. झूमवर दोघांच्या ७२०पी कॉलला साधारण १.२ एमबीपीएस लागतात. तुम्हाला एकट्याला ते फार नाही, पण हॉलमध्ये तीस जण एकदम कॉलवर असले की हिशोब बदलतो.

*शेजाऱ्यांची टेस्ट:* फिंगसारखं नेटवर्क स्कॅन करणारं अ‍ॅप त्यांच्या परवानगीने चालवा. इतरांचे लॅपटॉप आणि प्रिंटर यादीत दिसले, तर नेटवर्क वेगळं केलेलं नाही. मग ऑफिसचं व्हीपीएन वापरा किंवा महत्त्वाच्या कामासाठी स्वतःचा हॉटस्पॉट.

आता पैशाचं गणित

आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुम्ही तुमच्या शहरातले टाका. समजा ओपन सीट महिन्याला ५,००० आणि दोघांची कॅबिन १६,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सीट ५,९०० ला, कॅबिन १८,८८०, दोघांत माणशी ९,४४०. फरक ३,५४० रुपयांचा. आणि समजा तिथला कॉल बूथ तासाला १०० रुपये. म्हणजे महिन्याला साधारण ३५ तास, २२ दिवसांत रोज दीड तासापर्यंत कॉल असतील, तर ओपन सीट आणि बूथच स्वस्त. रोज चार तास बोलणं असेल तर बूथचे ८,८०० होतील, मग कॅबिन घ्या. पण कॅबिनमधला दुसरा माणूसही दिवसभर बोलणारा असेल, तर तुम्ही पैसे देऊन छोटा ओपन हॉलच घेतला.

"पण ओपनमध्ये ओळखी होतात ना?" असं कोणी म्हणेल. २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत मोजमाप केलं. ओपन रचनेत गेल्यावर लोकांचं समोरासमोर बोलणं वाढायच्या ऐवजी साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं, ईमेल आणि मेसेज वाढले. तो अभ्यास एकाच कंपनीतल्या सहकाऱ्यांचा होता, को-वर्किंगमधल्या अनोळखी लोकांचा नाही. पण माझा अनुभवही तसाच: ओळखी झाल्या त्या चहाच्या टेबलावर, सीटवर नाही. आणि चहाचं टेबल दोघांनाही सारखंच.

मावसभावाला मी शेवटी एकच विचारलं, "दिवसाला किती बोलतो तू, अन् त्यात दुसऱ्याचं गुपित किती असते?" तो टेस्टिंगचं काम करतो, कॉल जेमतेम पाऊण तास. त्याने ओपन सीट घेतली, तीही भिंतीला पाठ करून, म्हणजे मागून कोणाला स्क्रीन दिसायला नको. क्लायंटचा कॉल आला की तो बूथमध्ये जातो.

मीही आता ओपनमध्येच बसतो. फक्त ग्राहकाचा नंबर मोठ्याने वाचत नाही, चॅटवर टाइप करतो.