दिव्यांग विद्यार्थ्याने फक्त नोकरीच शोधायची का?



बारावीचा निकाल लागला की एक ठरलेला प्रश्न कानावर येतो. "सर, याच्याकडे दिव्यांगाचं सर्टिफिकेट आहे, चार टक्क्यांत कुठे लागेल का?" प्रश्न चुकीचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, त्या मिळायलाच हव्यात. पण या मुलाला स्वतःचा धंदा करायचाय का, हे त्याला कुणी विचारतं का? एके काळी दिव्यांग माणसाचा व्यवसाय म्हटलं की एसटीडी बूथ आठवायचा. बूथ गेले, आपण मात्र अजून तिथेच उभे आहोत.

माझी एक माजी विद्यार्थिनी कर्णबधिर आहे. कापडी पिशव्या शिवते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेते, हिशोब एकदम चोख. तिच्या कॉलेजात उद्योजकता स्पर्धा होती. पाच मिनिटं मंचावर बोलायचं, मग परीक्षकांचे प्रश्न. सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता. "लिहून दिलं तर चालेल का?" असं तिने चिठ्ठीवर विचारलं. उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखाच." ती स्पर्धेत उतरलीच नाही.

आता गंमत बघा. त्याच २०१६ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य या कामासाठी वेगळ्या संचालकांची तरतूद आहे. विद्यापीठांत इन्क्युबेशन केंद्रं दिसतात ती याच कामासाठी. दुसरीकडे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष असतो. तो लेखनिक, परीक्षेतला जादा वेळ, शिष्यवृत्ती हे सगळं बघतो. माझ्या पाहण्यात तरी हे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. इन्क्युबेशनची सूचना स्कॅन करून टाकतात. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तो फोटो वाचताच येत नाही, म्हणजे अर्जाची तारीख निघून गेली तरी त्याला पत्ता नाही! या दोघांना एका टेबलाशी बसवा, एवढंच माझं विद्यापीठांना सांगणं आहे.

बसल्यावर काय करायचं? सर्वांत आधी खरेदी. विद्यापीठाला फायली लागतात, परिषदेच्या पिशव्या लागतात, पाहुण्यांना द्यायला भेटवस्तू लागतात. मोठ्या निविदेत मागच्या वर्षांची उलाढाल विचारतात, विद्यार्थी ती कुठून आणणार? पण छोट्या खरेदीत पहिली ऑर्डर आपल्याच विद्यार्थ्याला देता येईल. धंद्यात पहिलं गिऱ्हाईक मिळणं किती अवघड असतं, ते दुकानदाराला विचारा.

दुसरं कर्जाचं. राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना व्यवसायासाठी कर्ज देतं. मुलं अडतात ती प्रकल्प अहवालापाशी. यंत्राचं कोटेशन, महिन्याचा खर्च, अपेक्षित उत्पन्न हे सगळं कागदावर मांडायचं कसं? नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हाच अहवाल त्या विद्यार्थ्याबरोबर बसून केला, तर दोघांचंही काम होईल. (नाहीतर ते प्रोजेक्ट कुठून उतरवले जातात, हे आपल्याला ठाऊक आहेच.)

महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची गोष्ट आपण परिपाठात सांगतो. दृष्टी गेल्यावर ते मेणबत्त्या करायला शिकले, हातगाडीवर विकल्या आणि पुढे 'सनराइज कँडल्स' उभी केली. श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखा मिळवायला कोर्टात जावं लागलं. नंतर अमेरिकेत एमआयटीत शिकून त्यांनी हैदराबादला बोलंट इंडस्ट्रीज काढली. गोष्ट संपली की आपण टाळ्या वाजवतो. पण यात आपल्या विद्यापीठांचा वाटा किती, हे विचारायचं राहून जातं.

पालकांची भीती मला समजते. पैसे बुडाले तर? बुडतीलही. शेजारच्या मुलाचं दुकान बंद पडलं तर आपण "जागा चुकली" म्हणतो. आपल्या मुलाचं पडलं तर "त्याला कसं जमणार" म्हणतो. हे थांबवायला कुठलाही कायदा लागत नाही.

यंदा आमच्या शाळेने स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांसाठी त्या मुलीकडून दीडशे पिशव्या घेतल्या. वीस पिशव्यांचं माप चुकलं होतं, त्या परत पाठवल्या. तिने दोन दिवसांत बदलून दिल्या आणि पूर्ण बिल लावलं.