पदवी कर्जाने, हिशेब अंधारात

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात इंजिनीअरिंगचा प्रवेश ठरला की अख्ख्या घराच्या खर्चाला कात्री लागते. शैक्षणिक कर्ज देताना बँक वडिलांनाही सहकर्जदार करते. दहा टक्के दराने सहा लाख घेतले, तर दहा वर्षे दरमहा सुमारे ७,९०० रुपयांचा हप्ता. शिकतानाचे व्याज यात धरलेलेच नाही. पहिला पगार सोळा हजार असला, तर निम्मा तिथेच संपला.

म्हणून पदवी घेऊच नका, असे या मुलांना सांगणे अन्यायाचे होईल. पण १९८३मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली, तेव्हापासून खर्चाचा भार पालकांवर आला आणि नोकरी-पगाराची माहिती संस्थांच्या कपाटात राहिली. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली, हे उत्तमच. शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवताना संस्थेचा जमाखर्च पाहते. तेव्हाच त्याने किती मुलांना किती पगाराची नोकरी लागली, याचे तपासलेले आकडेही मागावेत. जाहिरातीतला सर्वोच्च पगार नको, मधल्या विद्यार्थ्याचा हवा. आणि तो पहिल्या प्रवेशफेरीआधी जाहीर व्हावा.