सह्या किती जणांच्या?

डिसेंबरात पुण्या-मुंबईहून फोन येतात ते खोलीसाठी. जानेवारीत तेच लोक घरासाठी फोन करतात. चार दिवस गोव्यात, आसगावात नाहीतर मांद्र्यात काढलेले असतात, मंगलोरी कौलांखाली बसून चहा झालेला असतो, आणि आता ‘एक छोटंसं जुनं घर’ हवं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला: तुझ्या ओळखीत एखादा चांगला एजंट आहे का?

ओळखीत एजंटच एजंट आहेत. सगळं राज्य मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यात समुद्राकडची पट्टी केवढीशी. बार्देशात तर निम्मा गाव एजंट असतो. दुचाकीवर माणसं पोचवणारा पायलट, बारचा मालक, माडांवर चढून नारळ उतरवणारा पाडेली. यातला पाडेली मला सर्वांत विश्वासू वाटतो. कुठलं घर बंद आहे, कुणाची माणसं लिस्बनला, कुणाची कुवेतला आणि कुठल्या घरात आता फक्त म्हातारी उरली आहे, हे त्याला माडाच्या शेंड्यावरून दिसत असतं. तो ही बातमी कुणाच्या तरी कानावर घालतो, तो आणखी कुणाच्या, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचं पर्वरीला काचेच्या दाराचं ऑफिस असतं. तुम्हाला इंटरनेटवर दिसतो तो हा शेवटचा माणूस. सौदा झाला की दोन्ही बाजूंकडून साधारण दोन-दोन टक्के घेतले जातात आणि ते या साखळीत वाटले जातात. लोक या साखळीवर चिडतात. मी चिडत नाही. जिथे विकाऊ घराबाहेर पाटी लागत नाही, तिथे बातमी आणणाऱ्याचे पैसे द्यावेच लागणार.

घर सापडणं कठीण नाहीच. म्हापशातल्या एका जुन्या एजंटाला मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. त्याच्यापुढे कुठल्याही घराचा फोटो धरला की तो फोटोकडे धड बघतही नाही. “घर बरें आसा, पूण वांटेकार चड,” म्हणतो आणि फोन परत देतो. घर चांगलं आहे, पण वाटेकरी फार. गोव्यातल्या जुन्या घरांबद्दलचं त्याचं सगळं शहाणपण या वाक्यात आहे, आणि एजंट निवडायचा तर याच प्रश्नावर निवडावा असं माझं मत झालं आहे: या घराच्या खरेदीखतावर सह्या किती जणांच्या लागतील?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचा अंदाज येत नाही. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो आणि तो हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता, अगदी वारशाने आलेलीसुद्धा, दोघांची निम्मी निम्मी. घर एकट्या नवऱ्याला विकता येत नाही, बायकोची सही लागते. मुलगे-मुली वारसात समान. आता हिशेब करा. आजोबांचं घर, मुलं सहा. प्रत्येकाच्या सहीशेजारी सुनेची किंवा जावयाची सही. झाल्या बारा. त्यातले दोघे वारले असतील तर त्यांची मुलं आणि त्या मुलांचे नवरे-बायका. एक नातू टोरांटोत, एक नात इंग्लंडात, पोर्तुगीज पासपोर्टवर. आजोबांच्या वारशाची वाटणी, म्हणजे इथे ज्याला इन्व्हेंटरी म्हणतात ती कोर्टातली प्रक्रिया, कुणी केलेलीच नसते. आणि हे सगळं ज्या घरावर, त्याचा ‘मालक’ म्हणून तुम्हाला ओसरीवर चहा देणारा माणूस त्या घराच्या जेमतेम बाराव्या हिश्शाचा धनी असतो. तो खोटं बोलत नसतो. घर तोच सांभाळतो, घरपट्टी तोच भरतो, त्याला ते मनापासून आपलंच वाटतं.

चांगल्या एजंटाचं काम इथे सुरू होतं. तो तुम्हाला घर दाखवायच्या आधी एका कागदावर त्या कुटुंबाचा वंशवृक्ष काढून दाखवतो. टोरांटोच्या नातवाशी त्याचं बोलणं झालेलं असतं. परदेशातून येणारं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे त्याला पाठ असतं. आणि इंग्लंडातली नात भावाशी बोलत नाही, हेही ठाऊक असतं. हे शेवटचं ज्ञान वकिलाकडे मिळत नाही, आणि बहुतेक सौदे तिथेच अडतात.

लोक मला विचारतात, रेराचा नंबर असलेला एजंट घेतला की झालं ना? नंबर जरूर बघा. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांवरचा २०१६ चा कायदा. त्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. न केली तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीच्या सक्तीतून सुटतात, आणि आजोबांचं कौलारू घर तर प्रकल्पच नव्हे. तुमचं स्वप्न नेमकं या कायद्याच्या कुंपणाबाहेर उभं असतं.

नंबरानंतर बघायचा कागद म्हणजे फॉर्म एक व चौदा. हा गोव्याचा सातबारा समजा. कब्जेदाराच्या रकान्यात विकणाऱ्याचं नाव पाहून आपली माणसं खूश होतात. पण तो सर्व्हेचा कागद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. त्यामागे पोर्तुगीज काळातल्या जमीन नोंदणीचे दाखले असतात आणि ते वाचू शकणारी माणसं कमी होत चालली आहेत. शिवाय कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचायचा. परसात एक छोटं घर दिसलं, बाहेर कपडे वाळत असले, तर तिथे मुंडकार असू शकतो, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहत आलेला. १९७५ च्या कायद्याने त्याला सहजासहजी हुसकावता येत नाही आणि स्वतःचं घर विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मला विचाराल तर हा कायदा योग्यच आहे. “त्याला थोडे पैसे देऊन उठवू” असं जो एजंट डोळा मारून सांगतो, त्याच्याशी तिथेच रामराम करावा.

एजंटांची आणखी एक जात ‘होऊन जाईल’वाल्यांची. जमीन प्रादेशिक आराखड्यात ऑर्चर्ड (बागायत) म्हणून दाखवलेली असते आणि हा सांगतो, काळजी नको, सेटलमेंट (निवासी) होऊन जाईल. झोन बदलण्यासाठी नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे कलम आलं, त्यावर आंदोलनं झाली, आणि त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. होऊन जाईल म्हणून ज्यांनी ऑर्चर्डला सेटलमेंटचा भाव मोजला, त्यांचा जीव टांगणीला लागला. भातशेतीचं तर नावच काढू नका: २०२३ च्या दुसऱ्या एका कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. किनाऱ्यालगत बांधकामांवर बंधनं घालणारं सीआरझेड आहेच. आराखड्याची प्रत न मागता दिली, तर एजंट कामाचा.

आणि फसवणूक. २०२२ मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी खास तपास पथक नेमावं लागलं, मागोमाग निवृत्त न्यायाधीशांचा आयोग. पद्धत साधी होती: मालक परदेशात किंवा वारलेला, वारस कुणाच्या लक्षात नाहीत, अशी जमीन हेरायची आणि पोर्तुगीज काळातलं बनावट विक्रीपत्र उभं करायचं. म्हणजे बंद घरांची जी माहिती पाडेलीकडे असते, तीच या लोकांकडेही होती. म्हणून कागद कितीही जुना, पिवळा आणि शिक्क्यांनी भरलेला असला तरी त्याने भारावून जाऊ नये. वकील एजंटाने सुचवलेला नको, आपला हवा, आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायला टाळाटाळ होत असेल तर तिथून पुढे जाऊ नये.

गावातल्या लोकांना हे एजंट आवडत नाहीत. दिल्लीवाल्यांना गाव विकणारे, असं तोंडावर बोललं जातं. मला हा राग समजतो. पण तो निम्मा खरा आहे, कारण विकणारी सही गावातल्याच कुणाची तरी असते. म्हापशाच्या त्या एजंटाला मी एकदा याबद्दल छेडलं. तो म्हणाला, तुमच्या मित्रांना सांगा, वर्षातून पंधरा दिवस येणार असाल तर भाड्यानेच राहा. त्याच्या धंद्याला हे शोभणारं नाही, पण माझ्या निम्म्या मित्रांनी ते ऐकलं, आणि उरलेले त्याच्याचकडे गेले.

राहता राहिली दलालीची गोष्ट. ती खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदलं गेल्यावर द्यायची, इसार देताना नाही. फार तर थोडी रक्कम आधी. सगळी आधी हवी असेल तर वाद घालू नका, सरळ उठा. दुसरा एजंट बाहेर दुचाकी लावून उभाच असेल.