ऐकण्यावर मालकी कोणाची?

गारखेडा परिसरातील काही हौशी मंडळी अधूनमधून एकमेकांच्या घरी जमतात, व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर मांडतात आणि दोन-तीन तास नुसते ऐकत बसतात. हे कानी येताच आपल्या काही साथींनी ‘भरल्या पोटाचे चोचले’ असा निकाल देऊन टाकला. असा निकाल देण्यास विचार करावा लागत नाही, हीच त्याची सोय. या निकालाशी माझा पूर्ण मतभेद आहे; आणि ज्यांच्याविरुद्ध तो दिला गेला, त्या हौशी मंडळींशीही माझे तितकेच भांडण आहे.

प्रथम वस्तूकडे पाहू. निर्वात काचनळीतील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधल्या जाळीवरील अल्पशा विद्युत्‌दाबाने त्यांचा प्रवाह कमी-अधिक होतो. ही जाळी १९०६ साली अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी बसवली आणि क्षीण आवाज थोर करण्याचा मार्ग मोकळा झाला. शौकिनांत आज देवत्व पावलेली ३००बी ही नळी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ साली काढली. तिची थोरली बहीण ३००ए चित्रपटगृहांच्या ध्वनियंत्रणेत राबत असे. म्हणजे शेकडो अनोळखी माणसांना एकाच वेळी ऐकू यावे म्हणून जी घडली, तिचे घराणे आज चार जणांच्या दिवाणखान्यात येऊन बसले आहे. अशी एक नळी जेमतेम ८ वॅट आवाज देते आणि त्याच्या कितीतरी पट वीज उष्णतेत घालवते. एप्रिल-मेच्या मराठवाड्यात हा छंद करणाऱ्यांच्या सोशिकतेला दाद दिलीच पाहिजे.

आपल्या देशात या नळीचा इतिहास वेगळा आहे आणि तो आपल्या साथींना ठाऊक नसावा, याचे दुःख होते. १९४७ साली सबंध भारतात सुमारे पावणेतीन लाख रेडिओ संच होते. तेहतीस कोटींहून अधिक लोकसंख्येत ही संख्या केवढी? त्यामुळे ऐकणे ही बहुतांशी सामुदायिक क्रियाच होती. कोणाच्या ओसरीवर, हॉटेलाच्या बाकावर, ग्रामपंचायतीच्या पडवीत. ही अगतिकता होती, हे खरे. पण १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने त्याच अगतिकतेतून एक विलक्षण प्रयोग उभा केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आदी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे पाठवाव्यात आणि केंद्राने त्यांना उत्तरे द्यावीत. पॉल न्यूरथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या प्रयोगाची पाहणी केली. श्रोतृमंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती फारच थोडी पडली. संच दोन्हीकडे होता. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि बोलण्याने. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली आणि पुढे सरकारी योजना जशा विरतात तशी ती विरली.

नंतर ट्रान्झिस्टर आला. त्याने रेडिओ गुराख्याच्या खांद्यावर आणि शेताच्या बांधावर नेला, हे त्याचे उपकार कोणताही समाजवादी नाकारणार नाही. व्हॉल्व्हचे युग परत यावे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु संच स्वस्त होऊन प्रत्येकाच्या हाती आला, तसे ऐकणे चावडीवरून खिशात गेले, आणि आज ते कानातल्या दोन बोंडांत बंदिस्त झाले आहे. मालकी सार्वत्रिक झाली, श्रवण मात्र एकाकी झाले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या नफ्या-तोट्याचा ताळेबंद मला कोठे आढळला नाही.

अशा काळात दहा माणसे खोलीत गप्प बसून एकच आवाज ऐकतात, याला चोचले म्हणावयाचे? मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका संग्राहकांची सोसायटी स्थापन झाली. जुन्या तबकड्या कपाटात बंद न ठेवता श्रवणसभांतून लोकांना ऐकवण्याचे आणि त्यांच्या नोंदी छापून ठेवण्याचे काम तिने केले. तेही चोचलेच काय?

आता हौशी मंडळींकडे वळतो. त्यांचा दोष ऐकण्यात नाही, किमतीच्या पूजेत आहे. नळ्यांचे कारखाने आता प्रामुख्याने रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात उरले आहेत. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन नळ्यांची निर्यात अडली, तेव्हा भाव चढले. आणि भाव चढताच त्या नळ्यांचा आवाजही अधिक गोड लागू लागला! थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिला याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचा एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवावेत तसे, कोणता वाजतो हे न सांगता, श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांना फरक सांगता आला नाही. सर्वच व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांना हे लागू पडेल असे नाही. काहींत मूळ स्वराला जोडस्वरांची भर पडते आणि ती कानाला भरीव वाटते. पण मग तसे म्हणावे. आवडीला सत्याचा आणि सत्याला किमतीचा साज कशाला?

याच मंडळींत काही जण स्वतः डाग देऊन, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून संच बनवतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. आपल्याच जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जोडणीच्या पट्ट्यावरचा कामगार दिवसभर तोच एक सांधा जोडतो, पुरा संच त्याच्या हातून कधी घडत नाही. मार्क्सने ज्याला परात्मता म्हटले ती हीच. हौशी माणूस रविवारी जो आनंद घेतो, तो कामगाराला आठवडाभर नाकारलेला असतो. आणि ज्या नळ्या आज परदेशी शौकीन हुडकून घेतात, त्यांतल्या काही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांच्या हातांनी बनलेल्या आहेत. जुन्या पेठांतील रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याच नळ्या डोळे मिटून बदलीत. त्या कारागिराला श्रवणसभेचे आमंत्रण असते का? बिघाड झाल्यावर तेवढे असते.

तेव्हा साथींनी नाके मुरडण्यापेक्षा मागणी करावी. गारखेड्यात शरीरासाठी सार्वजनिक पैशातून विभागीय क्रीडा संकुल उभे आहे. कानासाठी महापालिकेच्या वाचनालयात एक खोली का नसावी? निजामाच्या काळात या शहरात रेडिओ केंद्र होते आणि १९५० साली ते आकाशवाणीकडे आले. या शहराला ऐकण्याची परंपरा नवी नाही. खोलीत एक चांगला संच असावा, व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा हा प्रश्न गौण. तो मांडण्याचे आणि जपण्याचे काम एखाद्या जुन्या कारागिराकडे मानधनासह द्यावे, कारण व्हॉल्व्हच्या संचात तीन-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि तेथे हौस पुरत नाही. हौशी मंडळींनी आपल्या तबकड्या आणाव्यात, ऐकून झाल्यावर अर्धा तास बोलावे. माणसे किती जमतील, असे विचारले जाते. पुण्याच्या प्रयोगात एकेका मंडळात वीसेक माणसे असत.